मोठमाय आणि साखरपुड्याची भाजी

कोणीही नवं माणूस घरी आलं, की मोठमाय त्याला मागच्या दाराने परसात न्यायची आणि सगळ्यात आधी जे बिघडलं असेल ते दाखवायची. शेजारी टोमॅटो लालबुंद लगडलेले असायचे, मिरच्या ताठ उभ्या असायच्या, पण तिकडे ती बघूच द्यायची नाही. पाहुण्याचा दंड धरून ती त्याला थेट कोपऱ्यातल्या फ्लॉवरच्या वाफ्याशी उभं करायची. तिथे हिरव्यागार पानांच्या मधोमध शर्टाच्या बटणाएवढे गड्डे. "हाई दख," ती म्हणायची, "गरमीमा लाई दिन्ही. मन्ही चूक." पाहुणा बिचारा मान डोलवून चहाची वाट बघायचा. मी एकदा तिला म्हटलं, अगं, लोकांना चांगलं दाखव की आधी. तर म्हणाली, "चांगलं ते आपोआप दखास. बिघडेल दखाडनं पडस."

खानदेशात थोरल्या काकूला मोठमाय म्हणतात. ती घराण्यातली थोरली सून, त्यामुळे निम्म्या गल्लीची खरोखरची मोठमाय होती आणि उरलेल्या निम्म्या गल्लीने तिला तसं मानून घेतलं होतं. मी मूळची सांगलीकडची. शहाद्याच्या एका कॉलेजात लायब्ररीची नोकरी लागली आणि लगतच्या लोणखेड्यात तिच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या. पहिल्या दिवशी मी तिला रीतसर "तुम्ही" म्हटलं, तर ती दारातच थांबली. "माले तुम्ही कसाले म्हनस? मी काय सरपंच शे?" त्या दिवसापासून ती माझी "तू" झाली. तिची अहिराणी मला समजायला एक पावसाळा गेला. तोवर ती बोलायची, मी हसायचे, आणि तिला वाटायचं मला सगळं कळतं.

तिचे यजमान आप्पा मोठे बागाईतदार. पपई, केळी, ऊस, मध्येच कापूस. शेतात ठिबक, दारात ट्रॅक्टर, आणि भाजी मात्र बाजारातून. हे मला फार चमत्कारिक वाटे, पण तिकडे ते कोणालाच चमत्कारिक वाटत नाही. वावरात जे पिकतं ते ट्रक भरून जातं, घरात जे शिजतं ते पिशवीतून येतं. मोठमायलाही लग्न झाल्यापासून यात काही वावगं वाटलं नव्हतं. मग लॉकडाऊनचा उन्हाळा आला. बाजार बंद. पपई तोडायला माणूस नाही, ती झाडावरच पिकून गळतेय, आणि घरात रोज बटाटा नाहीतर डाळ. एके दिवशी ती जेवायला बसली आणि तिला हसूच आलं म्हणे. इतकी जमीन, आणि ताटात एक हिरवं पान नाही. हसून झाल्यावर तिने परसातलं मोडकं सामान, जुनी पाण्याची टाकी, ट्रॅक्टरचे टायर एका बाजूला ओढले आणि कुदळ मागितली.

शेतकऱ्याच्या घरात जन्मली आणि शेतकऱ्याच्याच घरात आली, तरी तिला लावणीतलं काही येत नव्हतं. तिच्या घरच्या बायका वावरात जात नसत. जाणं कमीपणाचं. त्यामुळे ती जे शिकली ते साठीला टेकल्यावर, आणि सगळं चुकत चुकत शिकली. पहिल्या वर्षी तिने पालक इतका दाट पेरला की तो उठून उभाच राहिला नाही. दुधीचा वेल तिने पाणी घालून घालून कुजवला. तिला त्याची लाज वाटत नसे. भाजी जगली नाही तर ती पुढच्या हंगामात जागा बदलून बघायची, त्याच्या पुढच्या हंगामात वेळ बदलून. तरीही नाही जमलं तर राग न धरता सोडून द्यायची. "तिले आपलं घर मानवनं नही," एवढंच म्हणायची.

हंगामाची आखणी हा गल्लीतला सोहळा होता. पितृपाट म्हणजे पितृपक्ष संपला, उन्हं जरा तिरपी झाली, की एका सकाळी मोठमाय ओट्यासमोरचं अंगण सारवून घ्यायची आणि तिथे रांगोळीने अख्खी बाग काढायची. हा वांग्याचा वाफा, ही मेथी, इथे कांद्याची पात. वांग्याच्या जागी जांभळी रांगोळी, टोमॅटोच्या जागी कुंकू. गेल्या वर्षी जिथे वांगी होती तिथे या वर्षी वांगी नाहीत, एवढा नियम ती कटाक्षाने पाळायची, आणि रांगोळी पुसून पुसून जागा बदलत बसायची. जाणारे-येणारे थांबायचे. दूधवाला सायकल टेकवून सांगायचा की मुळा भिंतीच्या सावलीत नको. समोरच्या काकू म्हणायच्या, कोथिंबीर दाराजवळ हवी, फोडणी जळते तोवर कोण मागे पळणार? मोठमाय सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि बहुतेकांचं मोडीत काढायची. एकदा बकऱ्यांच्या कळपाने रांगोळीची अख्खी बाग तुडवून टाकली, तेव्हा तीच सगळ्यांत जास्त हसली.

दर हंगामाला नवी भाजी एकच. दुकानात रंगीत पाकिटं बघून माझे हात शिवशिवायचे. ब्रोकोली घेऊ, लाल कोबी घेऊ, असं मी म्हणायचे. ती पाकीट माझ्या हातातून काढून परत ठेवायची. "दोन नव्या सुना एकच दिन घरमा उन्यात, ते कोन बिघाडी ऱ्हायनं ते कसं समजी?" दुकानदार आतून खो खो हसला होता. तिची स्वतःची सून सुरतेला असते आणि दोघींचं उत्तम जमतं, हे इथे सांगितलेलं बरं.

तिचं माहेर तळोद्याचं. वर्षातून दोन-तीनदा भावाकडे जायची आणि बाजाराच्या दिवशी तिथे हिंडायची. सातपुड्यातल्या गावांतून जीपने बायका उतरतात, चादरीवर मूठ-मूठ माल मांडून बसतात. त्यातल्या रायकीबाईशी तिची गाठ पडली. रायकीबाई घरी पावरी बोलायची, मोठमाय अहिराणी, आणि दोघींना थोडं थोडं बाजारातलं मराठी यायचं. मी सोबत असले की मला वाटायचं दुभाषाचं काम करावं. पण त्या दोघी माझ्याकडे न बघताच हातवारे करून पुढे जायच्या. रायकीबाईने तिला वालाचं बी दिलं, काळपट, पोटाला पांढरी रेघ असलेलं. त्या वर्षीची नवी सून ती.

तो वेल म्हणजे संकटच झालं. पावसाळ्यात पेरला, दसऱ्याला भिंतीवर, दिवाळीला गच्चीवर, आणि मग त्याने टीव्हीच्या डिशला मिठी मारली. आप्पा क्रिकेट बघत असताना ऐन रंगात पडदा काळा झाला. आप्पा तसे शांत, पण विळा घेऊनच बाहेर आले. एक फूल नाही, एक शेंग नाही, नुसती पानं, असल्या वेलाला काय ओवाळायचंय, असं त्यांचं म्हणणं. मोठमायलाही आतून तेच वाटत होतं. पण तिने आप्पांना एक बाजार थांबायला लावलं आणि तळोदा गाठलं. रायकीबाई सगळं ऐकून फक्त म्हणाली, "थंडी पडू दे. मग बघ." मोठमाय परत आली आणि वेल डिशवरून हळूच सोडवून दोरीने दुसरीकडे वळवला. थंडी पडली आणि वेल जांभळ्या तुऱ्यांनी भरला. शेंगा इतक्या आल्या की गल्लीतल्या लोकांनी आमच्या घराकडे येणं टाळायला सुरुवात केली, कारण रिकाम्या हाताने कोणी परत जाऊ शकत नव्हतं. त्या वर्षी मोठमाय एक गोष्ट शिकली आणि ती गल्लीभर सांगत फिरली, की वालाला ऊन-पाणी नाही, थंडी लागते.

त्याच्या पुढच्या वर्षी जयूचं लग्न ठरलं. जयू म्हणजे तिची धाकटी, नाशिकला नोकरी करणारी. साखरपुडा जानेवारीत, लोणखेड्यालाच, घरासमोर मांडव घालून. थोरला किशोर सुरतेहून आला, त्याने घराभोवती एक चक्कर मारली आणि परसात पेव्हर ब्लॉक टाकायचं ठरवून टाकलं. गाड्या लागतील, स्वच्छ दिसेल, पावसाळ्यात चिखल होणार नाही. आप्पांना पटलं. साऱ्या गावात फरशी झाली, आपलंच अंगण चिखलाचं का? किशोर वाईट मुलगा नव्हता. आईला भाजीच हवी तर गच्चीवर कुंड्या ठेवू, असंही तो म्हणाला.

मोठमायने वाद घातला नाही. हातातला लसूण तिने सोलून संपवला. मग म्हणाली, "साखरपुडानी बठ्ठी भाजी मन्ही बागनी ऱ्हाई. पुरनी ते फरशी नही. नही पुरनी, ते टाका." सगळी भाजी बागेतली, म्हणजे शे-सव्वाशे माणसांचं जेवण आणि दोन ट्रॅक्टर जेमतेम उभे राहतील एवढी जागा. किशोर हसला. आप्पांनी मात्र तिच्याकडे नीट पाहिलं आणि हो म्हणाले.

त्या वर्षीची रांगोळी मी कधी विसरणार नाही. मोठमायने साखरपुड्याचा दिवस मधोमध धरला आणि तिथून मागे मागे आखत गेली. मेथी दोनदा, शेवटची महिनाभर आधी. कोथिंबीर थोडी थोडी, आठवड्या-आठवड्याच्या अंतराने, म्हणजे एखादी खेप फसली तरी दुसरी हाताशी. मुळा त्याच्याही आधी. वाल पावसाळ्यातच डिशपासून लांब, कुंपणावर चढलेला होता आणि त्याची तिला आता काळजी नव्हती. सगळ्यांत मोठा वाफा वांग्यांचा, कारण हिवाळ्यातलं जेवण आणि त्यात भरीत नाही, असं आमच्या लोणखेड्यात तरी होत नाही. भरताची ती लांबट, पांढरट हिरवी वांगी तिला फार चांगली साधली होती. मी कॅलेंडर धरून बसले होते. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, थंडी कधी पडेल ते यात लिहिलंय का? नाही म्हटल्यावर तिने ते बाजूला ठेवायला सांगितलं.

नोव्हेंबरच्या अखेरीस अवकाळी पाऊस झाला. गाराही होत्या, वाराही होता. सकाळी परसात गेलो तर मेथी जमिनीला चिकटलेली आणि वांग्यांची फुलं सगळी चिखलात. मला रडूच फुटलं. मोठमाय चपला काढून त्या चिखलात उतरली, एकेक झाड सरळ करून बघू लागली. मेथी पुन्हा पेरता येईल, कोथिंबिरीची पुढची खेप अजून वर यायची आहे, वाल तर उलट थंडीने खूश होईल, असं ती स्वतःशीच बोलत होती. वांग्यांशी आली आणि चिखलातलं एक फूल उचलून बघू लागली. वांग्याला पुन्हा फूल यायचं, मग फळ धरायचं, मग ते भरताजोगं फुगायचं. तेवढा वेळ उरला नव्हता, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. तरी तिने मुळाशी राख घातली, अळी पडू नये म्हणून रोज पानं उलटून बघितली, आणि गल्लीतल्या कोणी विचारलं तर पहिल्यांदा त्याला वांगीच दाखवली.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी दुपारी तिने तोडणी केली. खाटेवर सगळं मांडलं. मेथीच्या जुड्या, मुळे, पात, कोथिंबीर, टोमॅटो, मिरच्या. वालाच्या शेंगांचा ढीग तर खाटेवर मावेना. आणि एका कडेला वांगी. छान होती, पण निम्मीच. आम्ही सगळे भोवती उभे. किशोरच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद मुळीच नव्हता. तो आईच्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, बाजारातून थोडी आणतो, सगळी कुटली की कोणाला कळणार आहे, तूच जिंकलीस असं धरू. मोठमायने मान हलवली.

"नही पुरनी," ती म्हणाली. "मी हारनू. जाय, बजारमाईन वांगा लई ये."

दुसऱ्या दिवशी कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली, लाकडी बडगीत कुटली, आणि गल्लीभर तो खरपूस वास सुटला. रायकीबाई सातपुड्यातून आली होती. मोठमायने तिला मुद्दाम निरोप धाडला होता आणि पंगतीत घरच्या माणसांत बसवलं होतं. घरातल्या दोन-चार वडीलधाऱ्यांच्या भुवया वर गेल्या, त्या तिने पाहिल्याच नाहीत. रायकीबाईने वालाची भाजी खाल्ली, थोडा विचार केला आणि मसाला फार झाला असं सांगितलं. मोठमाय म्हणाली, पुढच्या खेपेला कमी घालते. तेवढ्यात मुलाकडचे थोरले काका भरीत चाटूनपुसून खात म्हणाले, की घरच्या बागेतल्या वांग्याची चवच न्यारी. सगळे माना डोलवू लागले. मोठमाय वाढता वाढता थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अर्धं बजारनं शे." मग ते काकाच असे खदखदून हसले की त्यांना ठसका लागला, आणि जयूचा होणारा नवरा पाणी घेऊन धावला. जयू लाजेने लाल झाली होती, पण नंतर मला म्हणाली, सासरची भीती त्या ठसक्यातच निघून गेली.

फेब्रुवारीत पेव्हर ब्लॉक आले. मला वाटलं, मोठमाय त्या दिवशी तळोद्याला निघून जाईल. ती कुठेही गेली नाही. तिने कामगारांना दोनदा चहा दिला, एक ओळ वाकडी आहे म्हणून उखडून पुन्हा लावायला लावली. झाडांचं बी आधीच काढून, राखेत घोळून डब्यात भरून ठेवलं होतं. सगळं झाल्यावर परस खरंच स्वच्छ दिसत होतं. गाड्याही लागल्या असत्या. आप्पा संध्याकाळी त्या फरशीवर खुर्ची टाकून बसले, तेव्हा ती समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "फरशी व्हयनी. आते माले वावरमा जागा जोयजे. विहीरजोडेनी पट्टी."

आप्पांना हे कधी सुचलंच नव्हतं. वावर त्यांचं, त्याआधी त्यांच्या वडिलांचं. त्यात काय लावायचं हे घरातल्या बाईने सांगावं, अशी वेळ कधी आली नव्हती. त्यांनी ऊन सांगितलं, साप सांगितले, मजूर काय म्हणतील ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी आप्पांनी होकार दिला. मला ते म्हणाले, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, थकेल, मग आपणहून घरी बसेल.

आखाजी आली. मोठमाय थकली नाही, पण पट्टी मात्र साफ करपली. उघड्या वावरातला पश्चिमेचा गरम वारा परसात कधी लागला नव्हता. गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा, एक वेल तेवढा विहिरीच्या कठड्याला धरून जगला. मी गेले तेव्हा तिने मला बांधावरून चालवत ते करपलेलं सगळं दाखवलं आणि मग गिलक्याची भाजी करून वाढली. पपईत काम करणाऱ्या डोंगरातल्या मजूर बायकांना ती विचारत होती, वारा कसा अडवायचा. त्यांनी सांगितलं, तिने पुढच्या खेपेला पट्टीच्या कडेने मक्याची दाट ओळ लावली, आणि मक्याच्या आड तिची भेंडी उभी राहिली. मजूर हसले नाहीत. दुपारी भाकरी सोडली की ते मिरच्या मागायला तिच्याकडे यायचे. आप्पा रोज ठिबक बघायला म्हणून विहिरीपर्यंत येऊ लागले. ठिबक ठीकच असायचं.

मग माझी दुसऱ्या गावी नेमणूक झाली. सामान टेम्पोने पुढे गेलं होतं. सकाळी शहाद्याहून बस होती. मोठमाय घरी नव्हती, म्हणून मी रिक्षा वावराकडे वळवली. रस्ताभर मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते. ती विहिरीपाशी कांद्याचं रोप लावत होती. माझ्याकडे बघून उठली, हात पुसले, माझ्या पिशवीत भेंडी कोंबायला लागली. डोळे भरले होते तिचेही. मी वाकून नमस्कार करणार, तेवढ्यात पलीकडून आप्पा आले. त्यांच्या पपईवर रोग पडला होता. पानं आकसली होती, फळाला अर्थ उरला नव्हता, सगळी उपटून टाकायची वेळ आली होती. ते बांधावर थांबले. काही वेळ पपईकडे बघितलं, काही वेळ तिच्या पट्टीकडे.

"काय वं," ते म्हणाले, "पपई काढीसन आठे काय लावानं?"

इतकी वर्षं त्या घरात असून, वावरात काय लावायचं हा प्रश्न मोठमायने आज पहिल्यांदा ऐकला होता. उत्तर तिच्या तोंडावर असेल असं मला वाटलं. नव्हतं. तिने हातातलं रोप खाली ठेवलं. "थांबा," ती म्हणाली, "माले इचार करू द्या." आणि ती बांध ओलांडून पपईत शिरली. वाकून एका ठिकाणची माती उचलली, टाकली, पुढे गेली. वारा कुठून येतो ते बघायला पदर सोडून उभी राहिली. आप्पा मागोमाग निघाले. तिने त्यांना हाताने थांबवलं आणि विचारलं, इथे पाणी साचतं का? ते काहीतरी सांगू लागले.

मी पिशवी घेऊन उभी होते. मी जायची आहे हे ती पार विसरली होती. हाक मारावी असं एकदा वाटलं, पण मारली नाही. ती पुढे, आप्पा मागे, असे ते दोघे पपईच्या ओळींमधून लांब लांब जात होते आणि तिचा हात हवेत काहीतरी आखत होता. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. मी जाऊन बसले आणि त्याला म्हटलं, चला, त्यांचं बराच वेळ चालेल.